लनेयाच्या नावाच्या पाच गोधड्या

गोधडी शिवायला घेण्याआधी माझी ऑर्लीन आत्या माणसाला समोर बसवते आणि नको ते प्रश्न विचारते. लग्न ठरलेल्या पोरीला कोणता रंग आवडतो, हे ती कधीच विचारणार नाही. ती विचारेल, "तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? आधी कोण बोललं?" उत्तर ऐकून ती मान हलवते, कॉफी संपवते आणि तुम्हाला घरी पाठवून देते. रंग कोणते निघाले, ते गोधडी हातात पडल्यावरच कळतं.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर वेंडेल गेला, तेव्हा वर्षाच्या दिवशी वाटायच्या गोधड्या पिवळ्या असणार, बसच्याच रंगाच्या, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. आत्यानं घेतला गर्द निळा, जवळजवळ काळाच. वेंडेलच्या बायकोनं तिला सांगितलं होतं की चाळीस हिवाळे तो उजाडायच्या आत बस गरम करायला बाहेर पडायचा. गोधडी उलगडली तेव्हा ती बाई जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "हेच. खिडकीतून मला एवढंच दिसायचं."

गोरे यायच्या आधीपासून या मुलखात राहणाऱ्या आमच्या लोकांत जन्म, लग्न, मरण, शाळेची शेवटची परीक्षा, सगळ्याला ताऱ्याची गोधडी लागते. आठ टोकांचा एकच मोठा तारा, शेकडो शंकरपाळी तुकडे जोडून केलेला. एक शिवण सूतभर चुकली, की ताऱ्याच्या मधोमध टेंगूळ येतं आणि सगळं उसवावं लागतं. आत्याचं वय चौऱ्याहत्तर. तिच्या हातून टेंगूळ आलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आलं असेल तर तिनं कुणाला दाखवलेलं नाही.

आणखी एक रीत आहे. ज्याचा मान करायचा, त्याला गोधडी देत नाहीत. त्याच्या मानासाठी त्याचे घरचे ती दुसऱ्यांना देतात. फेब्रुवारीत शाळांच्या बास्केटबॉलच्या स्पर्धा लागल्या की हे जोरात चालतं. पोरगी चांगली खेळली, की तिची आजी-आत्या गोधड्या घेऊन मैदानात उतरतात आणि समोरच्या संघातल्या पोरींच्या, त्यांच्या कोचच्या, पंचांच्या खांद्यावर घालतात. कुणाला द्यायच्या, ती नावं मात्र त्या पोरीनंच सांगायची.

चांगली खेळली तर, बरं का. आत्याची नात लनेया चार वर्षं संघात होती आणि चार वर्षांत मिळून नऊ मिनिटं खेळली होती. तीही आम्ही तीस गुणांनी पुढे असताना. बाकी वेळ ती बाकावर. तिची आई दूर तेलविहिरींवर कामाला, म्हणून पोरगी आजीकडेच वाढलेली. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी मटणाचं सूप घेऊन गेले, तर आत्या तुकडे कापत बसली होती.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"लनेयाच्या नावाच्या. पाच."

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. "आजी, मी तुला नको म्हटलंय! अख्ख्या गावासमोर शोभा होईल माझी. लोक विचारतील, हिचा मान कशाचा? पाण्याच्या बाटल्या भरल्याचा?"

"विचारू देत."

"तुला काय जातंय म्हणायला! उद्या वर्गात मला बसायचंय." लनेया माझ्याकडे वळली. "मावशी, तू तरी सांग ना हिला."

पोरीचं चुकत नव्हतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, पोरांची तोंडं किती तिखट असतात ते रोज ऐकते. मी मध्यस्थी करायला गेले आणि अक्कल पाजळली. म्हटलं, "आत्या, मग असं कर, एक गोधडी आपल्याच कोचला दे. स्पर्धेच्या आधीच दे. तो काय दगड आहे? घालेल तिला दोन मिनिटं आत. मग कुणी काही बोलायचं नाही."

आत्यानं कात्री खाली ठेवली. मला वाटलं, पटलं. "डेल्मा," ती म्हणाली, "तुझ्या आईच्या मयताला मी गोधडी केली, तेव्हा तुझ्याकडून मला काय हवं होतं गं?"

मी सुपाचं भांडं चुलीवर ठेवायला उठले. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

पण आत्याची खरी अडचण वेगळीच होती. लनेया तिच्या प्रश्नांना उत्तर देईना. "बाकावर बसल्यावर मनात काय येतं?" "काही नाही." "कुणाचा राग येतो?" "कुणाचा नाही." शेकडो परक्यांच्या पोटातलं काढणारी बाई स्वतःच्या नातीपुढे हरली. मग ती सामन्यांना जायला लागली. उणे तीस थंडीत, माझ्या गाडीत, मांडीवर कांबळं घेऊन. सगळे चेंडूकडे बघायचे, ही बाकाच्या टोकाकडे. आमची पोरगी पडली की सगळ्यांच्या आधी लनेया उठते, हे तिनंच मला दाखवलं. परत येताना म्हणाली, "आतून पेटलेली असते गं ही. बाहेर धूर दिसत नाही, एवढंच."

गोधड्या तशाच झाल्या. राखाडी, मातकट, पुन्हा राखाडी, आणि अगदी मधोमध एकट्या निखाऱ्याचा लाल. यातला एकही रंग आमच्या शाळेचा नाही. एकदा अक्कल पाजळली होती, तेवढी पुरे.

स्पर्धेच्या सकाळपर्यंत लनेयानं नावं दिली नव्हती. "तू उतरलीस तरी मी बाकावरून उठणार नाही," तिनं आजीला सांगितलं होतं. ती उठली नसती, तर हजारभर माणसांसमोर म्हातारी पाच गोधड्या घेऊन एकटी उभी राहिली असती. मी आत्याला गाडीत म्हटलं, "अजून वेळ आहे, घरी ठेवून येऊ."

"नको," ती म्हणाली. "मान तिचा आहे. नको असेल तर तिनं सगळ्यांसमोर नको म्हणावं."

मध्यंतरात ढोल वाजला. आत्या, मी आणि आमचे तीन पुतणे गोधड्या घेऊन उतरलो. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "ही कोण? ही खेळते?" आणि दोघंतिघं हसली. ढोल थांबला. लनेया बाकावरच होती, मान खाली घालून. आत्यानं हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. किती वेळ गेला देव जाणे.

मग लनेया उठली. तोंड लालबुंद. सरळ माइक धरलेल्या माणसाकडे गेली आणि त्याच्या कानात सांगितलं. त्यानं भुवई उंचावली, पुन्हा विचारून घेतलं, आणि पाच नावं वाचली.

समोरचा संघ गव्हाच्या पट्ट्यातल्या गोऱ्या लोकांच्या गावाचा. त्यांच्या उत्तम खेळणाऱ्या पोरी पुढे सरकल्याही होत्या, त्या थबकल्या. त्यांचा कोच मागे वळून बघायला लागला. त्यांच्या बाकाच्या पार टोकाला बसलेल्या, अंगावरचं सरावाचं जॅकेट न काढलेल्या पाच पोरी एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "मी?" लनेयानं जोरात मान डोलावली.

आत्यानं पाचही जणींच्या खांद्यावर गोधड्या घातल्या. शेवटची पोरगी एवढी रडत होती की तिला धरून ठेवावं लागलं. मागचे हसणारे उभे राहिले होते. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मध्यंतर संपलं, लनेया परत बाकावर जाऊन बसली. कोचनं तिला त्या दिवशीही आत घेतलं नाही. आम्ही अकरा गुणांनी हरलो.

परतीच्या वाटेवर आत्यानं विचारलं, "तुला त्या पोरींची नावं कशी ठाऊक?"

"चार वर्षं झाली, आजी. सामन्याआधी सराव चालतो ना, तेव्हा भलतीकडे गेलेले चेंडू गोळा करायला इकडून मी असते, तिकडून त्या. आम्ही बोलतो. आज तुला घेणार का, मला घेणार का, असं. मागच्या वर्षी माझा वाढदिवस फक्त त्यांच्याच लक्षात होता."

"सरावाच्या वेळी मी बाहेर कॉफी पीत असायचे," आत्या म्हणाली. "खेळ सुरू झाला की आत यायचे. मला वाटलं, मी तुला सगळी बघितली." तिनं हातमोज्यानं डोळे पुसले. "तू एकटी आहेस, असं समजून शिवल्या गं मी त्या गोधड्या."