पट्टीबाईंनी काढलेला कोयंडा

ऑफिसात त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत, कारण स्टीलची फूटपट्टी त्यांच्या पर्समधून कायम डोकं बाहेर काढून असायची. बांधकाम खात्याच्या आरेखन विभागात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, बसथांब्यांच्या शेड अशी न संपणारी कामं त्या करत. लग्न राहून गेलं. वडील बारा वर्षं अंथरुणाला खिळून होते, आणि ते गेले तेव्हा बाईंनी पन्नाशी गाठली होती. धाकटी बहीण लांब दिलेली. तिचा फोन यायचा, पण तिकडे सतत कुणीतरी तिला हाका मारत असायचं. "ताई, ठेवते गं, नंतर बोलू." ते नंतर सहसा पुढच्या महिन्यात यायचं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग ड्रॉइंग बोर्डाने अडवला होता, आणि उरलेला अर्धा एका ताटाला पुरून उरायचा. लागून सुट्ट्या आल्या की सोमवारी ऑफिसात पहिलं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खरखरायचा, कारण मधल्या दिवसांत तोंडातून शब्दच निघालेला नसायचा.

त्या वर्षी उत्तरेकडच्या डोंगरधारेवर तिघे गिर्यारोहक धुक्यात अडकले आणि त्यातला एक गारठून मेला. तिथे निवारा बांधायचा असं खात्याने ठरवलं. जागा दोन दिवसांच्या चढणीवर. वीज नाही, रस्ता नाही, पाणी असलं तर पावसाचं. जागेची पाहणी करायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या पाठी एकदम दुखायला लागल्या. कुणीतरी हसत म्हणालं, "पट्टीबाईंना पाठवा. त्यांची वाट बघायला घरी आहे कोण?" बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "जाते मी."

सामान वाहायला एक खेचरवाला होता. साठीचा, कमी बोलणारा. तंबूत चार आठवडे दोघांनी काढले. बाई काठीला फीत बांधून वाऱ्याची दिशा टिपत, दगड उचलून खालची माती बघत. शेवटी त्यांनी एक ऐसपैस सपाटी निवडली. समोर अख्खी दरी दिसायची. खुंट्या ठोकून झाल्यावर खेचरवाला हळूच म्हणाला, "जागा झकास आहे, बाई. पण वारा सुटला की माझं एकही जनावर तिथं थांबत नाही."

"मग कुठं जातात?"

त्याने मागच्या खडकाची कूस दाखवली. तिथून दरीबिरी काही दिसत नव्हतं. बाईंनी निमूटपणे खुंट्या उपटल्या आणि त्या कुशीत ठोकल्या.

आराखडा त्यांनी त्याच्याशी बोलून केला. खेचराच्या पाठीवर मावणार नाही असा लांब तुकडा एकही नको. भिंती तिथल्याच दगडाच्या, आतून लाकडी तक्ते, दोहोंच्या मध्ये मेंढीची लोकर. छपरावरचं पाणी टाकीत. दिव्यापुरतं सौर पॅनल, आणि बटण दाबल्यावर दहा मिनिटांनी आपोआप विझणारा दिवा. संडासाला पाणी नको, लाकडाचा भुसा टाकायचा. आठ माणसांची झोपायची फळी. निवारा उभा राहिला आणि पहिल्याच थंडीत आतल्या श्वासांची वाफ छताला धरून टपटप गळू लागली. तेव्हा बाई परत वर गेल्या, एक झरोका वर आणि एक खाली पाडून आल्या. लोक येऊन राहायला लागले.

मग खात्याच्या साहेबांनी हुकूम काढला की दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली पायथ्याच्या चौकीत ठेवायची.

"साहेब, तिथं कुणी धडपडत पोचलं तर किल्लीसाठी दोन दिवस खाली उतरणार का?"

"बाई, उघडं ठेवलं तर कोणीही येऊन राहील."

"कोणीही येऊन राहावं म्हणूनच बांधलंय ना ते?"

कुलूप लागलं. डिसेंबरात खेचरवाल्याचा फोन आला. दुसऱ्या बाजूने चढून आलेले एक बाप-लेक बंद दाराशी रात्रभर बसून होते. मुलीच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

बाईंनी चार दिवसांची रजा टाकली आणि पर्समध्ये पट्टीशेजारी स्क्रू-ड्रायव्हर घातला. एकट्याच वर गेल्या. चौकीतल्या किल्लीने कुलूप उघडलं आणि कडी-कोयंडा मुळापासून काढला. परत आल्या त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. कोयंडा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हा तिथं लागत नाही."

सरकारी मालमत्तेचं नुकसान केल्याची नोटीस आली. बाईंनी खाली एका ओळीत उत्तर लिहिलं: "होय, मी काढला." त्यांची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत झाली. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांनी तिथेच काढली. जेवायला बोलावणारं कुणी नव्हतं, आणि शिपाईसुद्धा दारातूनच कागद सरकवायचा. कोयंडा मात्र पुन्हा लागला नाही. धोरण बदललं होतं असं नव्हे, वर जाऊन तो बसवायला कुणी तयार नव्हतं, इतकंच. पुढे त्याच आराखड्यावरून आणखी तीन निवारे झाले. कागदावर दुसऱ्याच कुणाची सही होती.

निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, बाई पुन्हा चढल्या. तोवर खेचरवाला वारला होता. गुडघ्यांमुळे दोनाचे तीन दिवस झाले. भर दुपारी पावसाने गाठलं आणि त्या आत शिरल्या तेव्हा सहाजण पत्ते खेळत होते.

"या आजी, या. सरका रे! आजी, एकट्याच?"

"हो."

त्यांनी गरम सूप दिलं, ओले मोजे वाळत घातले, दिव्याचं बटण कसं दाबायचं तेही समजावलं. बाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं. आपण कोण हे एकदा जिभेवर आलं, पण डाव रंगात आला होता.

सकाळी पाऊस थांबल्यावर पोरं पुढच्या धारेकडे निघाली. त्यांच्यातली एकजण मात्र खाली उतरणार होती. ती थांबली. "चला, फाट्यापर्यंत सोबत जाऊ." तासभर दोघी गुडघ्यांबद्दल, चांगल्या बुटांबद्दल बोलत उतरल्या. फाट्यावर तिने हात हलवला आणि ती डावीकडे वळली. वळणाआड ती दिसेनाशी होईपर्यंत पट्टीबाई उभ्या राहिल्या. मग काठी टेकत उजवीकडची वाट उतरू लागल्या.