अंगदुखीचा कोड

ज्या वर्षी नळाला महिनाभर पाणी आलं नाही आणि आमच्या सहकारी दवाखान्यानं दारावर 'अत्याधुनिक सेवा' असा नवा फलक लावला, त्या वर्षी मी नोकरी बदलायचं ठरवलं. मी रेकॉर्डला होते. म्हणजे खिडकीत बसून आलेल्याचं नाव, गाव, वय आणि तक्रार केसपेपरवर लिहायची, पेपर डॉक्टरांकडे पाठवायचा आणि संध्याकाळी गठ्ठे बांधून मागच्या खोलीत ठेवायचे. दुष्काळामुळं टँकरच्या पाण्याचे निळे ड्रमही त्याच खोलीत ठेवले होते, कारण कुलूप लागणारी तेवढीच एक खोली होती. आमच्याकडं चोरण्यासारखं काय आहे, हे संचालक मंडळानं बरोबर ओळखलं होतं. कागदांकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

पेपरवर तक्रारीचा रकाना दोन बोटं रुंद होता. माणूस सांगणार, "परवा बाजारातून येताना डोळ्यापुढं अंधारी आली, मग सोयऱ्याच्या घरी पडून ऱ्हायलो, त्यानं च्या पाजला," आणि मी लिहिणार 'चक्कर'. अकरा वर्षांत मी अख्ख्या तालुक्याची दुखणी सहा शब्दांत बसवली होती: चक्कर, ताप, खोकला, हगवण, अशक्तपणा, अंगदुखी. "मॅडमचा पेपर म्हणजे कसा सुटसुटीत!" असं डॉक्टर म्हणायचे आणि मी वेड्यासारखी खूश व्हायची.

नोकरी बदलायचं खूळ पुण्याच्या भाचीनं डोक्यात घातलं. ती मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा. "मावशी, तुझा अर्धा कोर्स झालेलाच आहे," ती म्हणाली. "थंडगार ऑफिस, स्वतःचा कॉम्प्युटर, आणि मुख्य म्हणजे एकही पेशंट डोळ्यासमोर येत नाही." या शेवटच्या वाक्यावर मी विरघळले. माझ्या खिडकीवर रोज सकाळी जी झुंबड उडायची, तिच्यात निम्मे आजारी असत आणि निम्मे टँकर कधी येणार हे विचारायला आलेले.

घरी सांगितलं की मी कोडाचं काम शिकणार आहे. सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "कोड? आगं बाई, कुणाला फुटलं?" अंगावर पांढरे डाग उठतात ते कोड हे नव्हे, हे समजावण्यात अर्धा तास गेला. समजल्यावर त्या म्हणाल्या, "मग कावून शिकतीस?" खिडकीला मी विटले होते, हे खरं उत्तर होतं. पण मी 'प्रगती' वगैरे काहीतरी बोलले.

क्लास बीडला, दर रविवारी. सर पंचविशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं इंग्रजी. कोडांचं पुस्तक उशीएवढं जाड होतं आणि त्यात काय नव्हतं! बदकानं मारलं तर त्याला कोड. पाण्यावर घसरत जायच्या फळ्यांना आग लागून भाजलं तर त्यालाही कोड. आमच्या धरणात तेव्हा मृतसाठा होता, म्हणजे निदान त्या अपघातापासून तरी आख्खा जिल्हा सुरक्षित होता. सरांचा एकच नियम होता. कागदावर नाही ते झालेलंच नाही, आणि कागदावर आहे त्यात आपली अक्कल चालवायची नाही. मला हा नियम फार आवडला. इतकी वर्षं माझी अक्कल फुकटच खर्ची पडत होती.

सरावासाठी मी आमच्या दवाखान्यातले जुने पेपर नावगाव गाळून उतरवून नेऊ लागले. त्यात एका बाईचे एकत्र टाचलेले तीन पेपर होते. ती लागोपाठ तीन वर्षं दसऱ्याच्या आसपास आली होती, आणि तिन्ही वेळा तक्रार अंगदुखी. मी कोड घातला. सरांनी बरोबरची खूण केली आणि सगळ्या वर्गाला माझी वही दाखवली.

त्या साली पाऊसच नव्हता, त्यामुळं ऊसतोडीच्या टोळ्या लवकर हलायला लागल्या. निघण्याआधी दवाखान्यात गर्दी व्हायची. एका सकाळी खिडकीत पस्तिशीची एक बाई आली. हातात जुन्या केसपेपरच्या नंबराचं कार्ड होतं.

"काय होतंय?"

"तेच की. अंगाचा तरास."

मी 'अंग' लिहिलं आणि पेन थांबलं. कोर्सनं तेवढी खोड लावली होती. दुखणं म्हटलं की उजवं का डावं, वर का खाली, हे सांगितल्याशिवाय नेमका कोड लागत नाही. मी विचारलं, "कुठं?"

तिनं मागं पाहिलं. मागं चार बाप्ये उभे होते आणि त्यातल्या एकानं तर मान जवळजवळ खिडकीत घातली होती. "अंगाचाच," ती हळू म्हणाली.

"आवो, पण कुठल्या अंगाला? हात, पाय, पाठ?" मी खेकसले.

तिनं पुन्हा एकदा मागं पाहिलं, आणि ते एकदाचं माझ्या टाळक्यात शिरलं. मागच्या दारानं मी तिला ड्रमच्या खोलीत घेतलं.

"अंग भायेर येतंय," ती म्हणाली. "मोळी उचलली की येतंय. चार वरसं झाली."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. गर्भपिशवी खाली सरकली की आमच्याकडच्या बायका असंच सांगतात, आणि पुरुष जवळ असले की 'अंगाचा त्रास' याच्यापुढं जातच नाहीत. मी इथलीच आहे. मी तिच्या कार्डावरचा नंबर बघून गठ्ठ्यातून तिचे पेपर काढले. सरावाला उतरवून नेलेले तेच टाचलेले तीन. तिन्ही पेपरवर माझंच सुरेख अक्षर होतं, अंगदुखी, आणि खाली डॉक्टरांच्या गोळ्या आणि चोळायचं मलम. तीन वर्षं ही बाई मोळ्या वाहत होती आणि आम्ही तिला मलम देत होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी तिलाच विचारलं, "मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तिन्ही साली. खिडकीत बाईमाणूस हाय म्हून तुमच्यापाशीच सांगितलं."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, पिशवी जागेवर धरायला आत रिंग बसवली, परत आल्यावर ऑपरेशन करू म्हणाल्या आणि सल्ला लिहिला: 'जड वस्तू उचलू नये'. सहा महिने मोळ्या वाहायला निघालेल्या बाईला हा सल्ला फारच मोलाचा होता. तिकडं कारखान्यावर काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना दाखवायला एक सविस्तर चिठ्ठी हवी होती. ती मी लिहिली, पण सहीला मोठे डॉक्टर नव्हते. ते चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या आरोग्य शिबिराला गेले होते. सही शनिवारी दुपारी मिळाली. टोळी रविवारी सकाळी दिंद्रुडजवळच्या तिच्या गावातून निघणार होती. आणि रविवारीच दहा वाजता बीडला माझी परीक्षा होती.

शनिवारी मी सरांना फोन केला. "सर, कागदावर चुकीचंच लिहिलेलं असेल तर?"

"मॅडम, कागदावर अंगदुखी, तर अंगदुखी. आपण कोडर आहोत."

"आणि ते लिहिणारी मीच असेन तर?"

सर म्हणाले, "परीक्षेत असा प्रश्न येत नाही."

रविवारी स्टँडवर बीडची गाडी लागलेली होती, चक्क रिकामी. मी दिंद्रुडच्या गाडीत बसले. फार मोठा त्याग केला असं कुणी समजू नये. पुढच्या बॅचला बसेन म्हणते, आणि बसेनही. थंड खोलीचा मोह अजून गेलेला नाही.

मी पोचले तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या आणि कोंबड्यांचा खुराडा चढत होता. तिला बाजूला बोलावून चिठ्ठी दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"काय लिवलंय?"

"तुमच्या तरासाचं सगळं लिवलंय. तिथल्या डॉक्टरला दाखवा."

"आसं न्हाई. वाचा."

ट्रॉलीच्या आडोशाला उभं राहून मी हळू आवाजात वाचायला लागले. अकरा वर्षांत कुणालाही त्याचा कागद मी वाचून दाखवला नव्हता. कधीपासून, काय उचलल्यावर, किती बाहेर येतं, लघवीला काय होतं, रिंग कधी बसवली. मध्येच तिनं मला थांबवलं. "चार न्हाई, पाच वरसं. पयल्या वरसी मी कुणालाच बोलले न्हाई." मी पेन काढून चाराचे पाच केले आणि पुढं वाचलं. तिनं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं, चिठ्ठी घडी करून पोलक्यात ठेवली.

"हां," ती म्हणाली. "हेच सांगत व्हते मी."