ब्रेक दाबायला ये

पेंडसेकाकांच्या मुलीचा, मीनाताईचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात नुकताच टेकलो होतो. "बाबा सकाळपासून फोन उचलत नाहीयेत. जरा जाऊन बघतोस का रे?" अवधपुरीतलं पेंडसेकाकांचं घर माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे. त्या वीस मिनिटांच्या रस्त्यावर मी गेले चार रविवार फिरकलो नव्हतो. पोहोचलो तेव्हा काका व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले होते, चष्मा डोळ्यांवर, चहा शेजारी तसाच, साय धरलेला. झोपेतच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस. मी मान हलवली.

काका आणि माझे बाबा कारखान्यात एकाच विभागात होते. दोघंही महाराष्ट्रातून इथे, हिंदी मुलखात, नोकरीला आले आणि पिपलानीच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहिले. बाबा लवकर गेले. त्यानंतर माझ्याकडे बघणारं वडीलधारं माणूस म्हणजे काकाच. निवृत्तीनंतर त्यांनी अवधपुरीत घर बांधलं आणि एक पांढरी जुनी गाडी घेतली. तिचे दिवे म्हणजे कायमचं दुखणं. एकदा ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा आणि पार्किंगचा दिवा मालवायचा. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, हुशारी दाखवायची हौस होती. बाजारातून तीन बल्ब आणून बदलले. फरक शून्य. काका हसत म्हणाले, "बल्बांनी काय घोडं मारलंय तुझं?" मग त्यांनी त्यांचा टेस्ट लॅम्प काढला... एक जुना बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा, एवढंच. दिव्याच्या मागे बॉडीला कसलेला एक गंजका स्क्रू शोधला, तो काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पुन्हा कसला. दिवे लख्ख. "वीज येते कुठून ते सगळेच बघतात. परत जाते कुठून, ते आधी बघावं. अर्थिंग गेलं की ती भलत्याच दिव्यात शिरते."

ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा मागे उभा राहून सांगणार. हे काम वर्षानुवर्षं काकूंकडे होतं. कॉलनीत सगळ्यांना ऐकू जायचं.

"दाब!"

"दाबलंय!"

"अगं, क्लच दाबला असशील!"

"पाय माझे आहेत. काय दाबलंय ते मला कळतं!"

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. नंतर दर रविवारी सकाळी मला फोन येऊ लागला. "पाच मिनिटं ये रे, ब्रेक दाबायला." सुरुवातीला जायचो. दिवा कधी लागायचा, कधी नाही, असं ते सांगायचे. पाच मिनिटांचे दोन तास व्हायचे. पोहे, जिलबी, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी, बाबांच्या आठवणी... त्यातल्या बहुतेक मी ऐकलेल्या असायच्या. हळूहळू मी टाळायला लागलो. मुलीचा क्लास, ऑफिसचं काम, पाहुणे. पाहुणे नसतानाही पाहुणे.

शेवटी मी एक शहाणपणा केला. आनंद नगरच्या रईसभाईंना, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रींना, काकांकडे पाठवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भैया, लाइट में तो कुछ है ही नहीं। अंकल ने चाय पिलाई, दो घंटे बिठा लिया।" मी वैतागलो आणि तसाच काकांना फोन लावला. "काका, दिवा एकदम ठीक आहे म्हणे. मग मला दर रविवारी कशाला..." पुढचं मी बोललो नाही, पण तेवढं पुरेसं होतं. काका म्हणाले, "असं का... मग असेल ठीक. लूज काँटॅक्ट असतो कधीकधी. तू नको दगदग करू." पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला हायसं वाटलं होतं.

तेराव्यानंतर मीनाताईने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच ने. बाबांना आवडलं असतं." शेडमध्ये जाऊन दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटखाली एक काठी होती. कपडे वाळत घालायच्या काठीचा हातभर तुकडा, एका टोकाला हवाई चपलेचं रबर ठोकलेलं. पेडल आणि सीट यांच्यामध्ये ती अचूक बसली. रबरावर पेडलच्या रेघा खोल उमटल्या होत्या. एका दिवसात उमटणाऱ्या नव्हत्या त्या. मी मीनाताईला विचारलं.

"ती होय? आई गेल्यावर महिन्याभरातच केली होती त्यांनी. मला फोनवर कौतुकाने सांगत होते, आता दिव्यासाठी कुणाला त्रास द्यायला नको."

तिला बाकीचं ठाऊक नव्हतं आणि सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

गाडी आता माझ्या दारात असते. रविवारी सकाळी मी ती काठी पेडलला लावतो आणि मागे जाऊन उभा राहतो, काका उभे राहायचे तिथे. दोन्ही दिवे लागलेले असतात. मागच्या काचेतून ड्रायव्हरची सीट स्वच्छ दिसते. आत बसलेल्या माणसाची मान दिसेल, मनगट दिसेल. इतक्या रविवारी मी पेडलवर पाय ठेवून पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होतो, तेही काकांना दिसत असणार... तरी ते मागून मोठ्याने म्हणायचे, "लागला रे, लागला! अजून एकदा दाब."