पेरॉक्साइडची पूजा

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत मी केमिस्ट होतो. आमच्या कारखान्यात नटबोल्टांना जस्ताचा मुलामा देत. त्यासाठी सायनाइड लागे. त्याचं सांडपाणी दर शनिवारी नाल्यात सोडण्याआधी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडं मोरचूद घालून ढवळायचं, म्हणजे विष मोडतं. पुस्तकात अर्ध्या पानाची कृती आहे. आम्ही ती करत नव्हतो, एवढंच सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

पेरॉक्साइडचा ड्रम मात्र होता. फाटकातून आत येताच दिसेल असा, पश्चिमेच्या भिंतीला, उन्हात. तपासणीच्या साहेबांना तो भरलेला दिसला पाहिजे, म्हणून उघडायचा नाही, असा मालकांचा नियम. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. नारळ मी फोडायचो. एमएस्सी झालेला माणूस. रजिस्टरमध्ये 'प्रक्रिया केली' हे महिन्याच्या पहिल्याच दिवशी सगळ्या शनिवारांपुढे लिहून मोकळा व्हायचो. साहेब माझ्या अक्षराचं कौतुक करत.

एरवी नाल्यात जाणारं पाणी पातळ असे आणि आमचं नशीब जाड. पण एकदा मुलाम्याची जुनी टाकीच रिकामी करायची ठरली. ते पाणी दाट. मीसुद्धा घाबरलो आणि ड्रम उघडायची परवानगी मागितली.

"उघडा," मालक म्हणाले, "पण नंतर पाण्यानं भरून ठेवा. रिकामा दिसायला नको."

ते काम उन्हानं आधीच केलं होतं. पेरॉक्साइड ऊन खाऊन खाऊन पाणी होतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. टाकीत मोरचूद टाकून ड्रम ओतला. फेस उसळायला हवा होता. एक बुडबुडा आला नाही. मला तिथेच कळलं. तरी मी व्हॉल्व्ह उघडला, कारण मालकांना टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी हवी होती.

सकाळी नाल्याकाठी एक गाय मरून पडली होती. पलीकडच्या झेंडूवाल्यांची. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून फाटकाशी आले. मालकांनी मला पुढे केलं.

"काल फवारणी केली होती का?" मी विचारलं.

"केली होती," सून म्हणाली. "पंप मीच धुतला, गोठ्याजवळ."

"मग झालं," मी म्हणालो.

पुढे सासूनं तिला गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. सणाला गाय पूजायची तर हिनं लांब उभं राहायचं. हे मला बाजारात कळत गेलं. ती फुलं विकायला बसे, आणि 'केमिस्टसाहेब' म्हणून माझ्या पिशवीत वरून मूठभर झेंडू टाके. मी तो घरी नेऊन देवाला वाहत असे.

यंदा त्यांच्या मळ्यात जाऊन सगळं सांगितलं. तिनं खुडणं थांबवलं नाही.

"सासूबाई गेल्या, आता सांगता? तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?"

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "म्हातारा माणूस हाय."

"म्हाताऱ्या माणसाला लिहिता येतं ना? द्या म्हणावं लिहून."

बांधावर बसून लिहिलं. तिनं वाचलं.

"'नाल्यातल्या पाण्याने विषबाधा झाली असण्याची शक्यता आहे.' शक्यता कसली? खोडा ते."

खोडलं.

"'कारखान्याकडून.' कारखान्याला हात हायेत का?"

तेही खोडून 'मी' लिहिलं. आयुष्यभर कुणा साहेबानं माझं रजिस्टर इतकं बारकाईनं तपासलं नव्हतं.

"आता पिंपळगावला चला. नणंदेला वाचून दाखवा. ती अजून मला तिच्या गाईला हात लावू देत नाय."

तिघं टेम्पोत बसून गेलो. मी मध्ये. नणंदेच्या अंगणात उभ्यानं वाचलं. ऐकून तिनं एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं. मग आत जाऊन बादली घेऊन आली आणि भावजयीपुढे धरली.

"वहिनी, धार काढायची वेळ झालीये."

वहिनीनं बादली घेतली नाही.

"आधी शेजारच्यांना बोलवा," ती म्हणाली. "त्यांनी पण ऐकू द्या."

दोन बायका हात पुसत कुंपणापाशी आल्या. मी कागदाची घडी पुन्हा उघडली. वहिनी म्हणाली, "जरा मोठ्यानं."