कानसेनाचा कान

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि उगाच नव्हे. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळायच्या आधीच हा सांगून मोकळा, कुठे काय बिघडलंय ते! बाकीचे मिस्त्री बोनेट उघडून डोकं खाजवत बसायचे. हा लांब दांडीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि दोन मिनिटांत निदान तयार. तीस वर्षं हेच चाललं होतं. मागच्या दोन खोल्यांत संसार, पुढे गॅरेज, आणि पंचक्रोशीत नाव. नावाला जीवापाड जपायचा बिचारा.

आणि या माणसाला गेलं वर्षभर बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. घ्या!

घरघर, खडखड, धडधड सगळं यायचं. पण चीं म्हणून जे काही असेल, ते त्याच्यापुरतं जगातून उठून गेलं होतं. कुकर शिट्ट्या मारून मारून दमायचा आणि हा शेजारी बसून निवांत पेपर वाचायचा. बायकोनं दहादा सांगितलं, “अहो, कान दाखवून या.” याचं उत्तर ठरलेलं, “कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीला कोण विचारतो गं? गिऱ्हाईक म्हणेल, आधी स्वतःची दुरुस्ती करा.” झालं. अळीमिळी गुपचिळी.

अशात एके सकाळी मुख्याध्यापिका बाई आल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण बाई दारात दिसल्या की अजून लोक विडी विझवायचे. त्यांची गाडी बावीस वर्षांची, आणि आवाज असा की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहिली. शेजारचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला.

“तीन मिस्त्री झाले,” बाई म्हणाल्या. “एक म्हणाला पट्टा, एक म्हणाला नशीब, तिसरा म्हणाला विकून टाका. विकायची नाही मला. आता तुम्हीच सांगा, हे काय ओरडतंय?”

कानसेनानं डोळे मिटले. घरघर आली. छान, एकसारखी, गुणी बाळासारखी घरघर. ओरडणारं काही नाही. पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ! त्यानं मान डोलावली, “हं” म्हटलं आणि पट्ट्यावर पाण्याचा शिपका मारला. पट्टा खराब असेल तर ओला झाल्यावर आवाज क्षणभर बंद पडतो, हा जुना हुकमी उपाय. याला तर आवाज पहिल्यापासून बंदच होता! हा खूश.

“पट्टाच,” त्यानं निकाल दिला.

नवा पट्टा चढवला, गाडी सुरू केली आणि हात पुसत, छाती पुढे काढून तो म्हणाला, “ऐका आता! कशी शांत झाली की नाही?”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. शिंप्यानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. एक कुत्रं वर तोंड करून गाडीच्या सुरात सूर मिळवत होतं.

कानसेनाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मागच्या खोलीतून बायको ओल्या हातांनी बाहेर आली. एकदा गाडीकडे, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजली. पण बायको हुशार! मोठ्यानं म्हणाली, “अहो, मला शिकवतो म्हणाला होतात ना कधीपासून? आज शिकवा. द्या तो स्क्रूड्रायव्हर.”

बुडत्याला काडी मिळाली. “बाह्या वर कर,” तो म्हणाला, “केस घट्ट बांध, आणि फिरत्या पट्ट्यापासून हात लांब. हां, आता इथे टेकव. काय येतंय?”

“गुळगुळ.”

“पाण्याचा पंप. ठीक आहे तो. आता इथे?”

“गुणगुण.”

“तेही ठीक. आता ही पट्टा ताणून धरणारी पुली. तिच्या मधल्या बोल्टावर.”

तिनं टोक टेकवलं आणि टुणकन उडी मारली. “आई गं! आत कुणीतरी पाटीवर खिळा घासतंय!”

“बेअरिंग!” तो ओरडला.

“बेअरिंग!” तीही ओरडली, आणि तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. इकडे याचं बेअरिंग बदलणं चाललं होतं, तिकडे ती स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅरेजभर सुटली. उभ्या मोटारसायकलला लाव, पाण्याच्या नळाला लाव, शिंप्याच्या पोटाला लाव. “याच्या आत तर सगळंच ढिलं आहे!” शिंपी म्हणाला, “वहिनी, मला विकून टाका.” बाईसुद्धा खो खो हसायला लागल्या.

गाडी सुरू झाली. कुत्री आडवी झाली. सगळे हसत होते, आणि बायको तर मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोही हसत तिच्याकडे बघत होता. तिच्या हसण्याची सुरुवात त्याला ऐकू आली. मग ते हसणं वर चढलं आणि नाहीसं झालं. तिचं तोंड उघडं, खांदे हलतायत, आणि आवाज नाही.

त्यानं घाईघाईनं गाडी बंद केली. “अगं, परत हस.”

“असं सांगून कुणी हसतं का?” म्हणत ती आणखीच हसली. परत तेच. अर्धं हसणं, आणि पुढे काही नाही.

मग तो वळून बाईंना म्हणाला, सगळ्यांच्या देखत, “बाई, तुमच्या गाडीचं ओरडणं मी सकाळपासून ऐकलेलंच नाही. कान गेलेत माझे.”

शिंप्यानं आ वासला. बायकोचं हसणं जागच्या जागी थांबलं.

“ते मला पट्टा बदललात तेव्हाच कळलं,” बाई म्हणाल्या. “पण आता का सांगताय? काम तर झालं.”

“इंजिनाचं काय, बोटांनीही कळेल हो मला,” तो म्हणाला. “पण ही हसतेय, आणि मला पुरती ऐकू येत नाहीये.”

बाईंनी पुढे होऊन गाडीचं मागचं दार उघडलं. “बसा दोघंही,” त्या म्हणाल्या. “कानाचे डॉक्टर एकपर्यंत असतात.”