कप्तानबाईचा भाऊ

"भावंडं किती तुम्हाला?" हा प्रश्न आपल्याकडे कोणीही कुठेही विचारतं. पार्लरमध्ये भुवया करताना विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, नाशिकरोडच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई सीबीएस येईपर्यंत सगळं घराणं काढते. वर्ष उलटून गेलं, मला या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. "एक भाऊ आहे" म्हटलं की पुढचे प्रश्न तयारच असतात, काय करतो, लग्न झालं का, मुली बघताय का. "होता" म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो आणि मलाच तिची समजूत काढत बसावं लागतं. आणि "नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तो माझ्यापेक्षा बराच धाकटा. बाबा लवकर गेले, त्यामुळे घरात आई, मी आणि हा. अंबडला एका कारखान्यात तो मशीनवर होता. शिफ्ट संपवून आला की हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि कपाट उघडून बसायचा. त्या कपाटात शर्ट कमी आणि कॉमिक्स जास्त. तीही साधीसुधी नाहीत, सगळी एकाच सिनेमाच्या पोटातून निघालेली. अवकाशात माल वाहून नेणारं एक खटारा यान, त्यावर एक कप्तानबाई, आणि त्या यानाचे चारपाच सिनेमे. सिनेमे मीही पाहिले होते. बरे होते. पण एक सिनेमा संपून दुसरा येईपर्यंत मधल्या काळात त्या मंडळींचं काय झालं, हे सांगणारी ही कॉमिक्स होती, आणि माझ्या भावाचा सगळा जीव या मधल्या काळात अडकलेला.

मी त्याला म्हणायचे, "अरे, माणसं सिनेमा बघून घरी जातात. तू अजून थिएटरातच बसलायस."

तो चिडायचा नाही. चिडायचं खातं माझ्याकडे होतं. तो म्हणायचा, "ताई, पहिल्या सिनेमात ती एक वाक्य बोलते, आठवतं?"

मला कुठलं आठवायला. मग त्याने तो सिनेमा मला पुन्हा दाखवला, त्या जागी थांबवून. यान बिघडलंय, कप्तानबाई इंजिनाखाली पडलीये, आणि एक खलाशी वेळ जावा म्हणून विचारतो, घरी कोण असतं तुझ्या. ती वर न बघता म्हणते, "एक भाऊ आहे. लांब असतो." बस. सिनेमा पुढे जातो, भावाचं नाव पुन्हा निघत नाही, पुढच्या सिनेमांतही नाही. पण कॉमिक्स काढणाऱ्यांनी तेवढं वाक्य उचललं. कोण हा भाऊ, लांब म्हणजे कुठे, ती त्याला भेटायला का जात नाही. त्यावर वर्षानुवर्षं अंक निघत राहिले. लहानपणी दोघं एका वसाहतीत कसे राहिले, तो हट्टाने कुठे निघून गेला, ती त्याला कुठेकुठे शोधत फिरली.

"एका वाक्यातून कपाट भरलं बघ," तो म्हणायचा, जसं काही हे त्यानेच केलंय.

आमच्या सणावारात या कॉमिक्सचा शिरकाव झाला तो आईमुळे. त्या मालिकेचा पहिला अंक त्याने कुठून कुठून खटपट करून परदेशातून मागवला होता, जुना पण कोरा करकरीत, पारदर्शक पिशवीत बंद. तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी आला. तेव्हा हा कामावर होता. आमच्या आईची पद्धत अशी की घरात आलेली कुठलीही नवी वस्तू लक्ष्मीपुढे मांडायची. मिक्सर असो, स्कूटरची किल्ली असो, माझी शिवणाची कात्रीसुद्धा एका वर्षी मांडली होती. तिने पिशवी फाडली, अंक पाटावर ठेवला, हळद वाहिली, आणि कुंकवाचं बोट टेकवलं ते थेट मुखपृष्ठावरच्या कप्तानबाईच्या कपाळावर.

संध्याकाळी हा आला. पाटाकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. आई घाबरली, म्हणाली, "अरे, बाईमाणूस आहे. कपाळ मोकळं कसं ठेवू?"

मी हसून हसून आडवी झाले. जगभरातले लोक हे अंक हातमोजे घालून हाताळतात, असं त्याने मला शंभरदा ऐकवलं होतं, आणि इथे आईने कप्तानबाईला हळदीकुंकवाला बसवली. पुढे त्यालाही हसू फुटलं. म्हणाला, "असा अंक जगात दुसरा कोणाकडे नसेल." दोन दिवसांनी भाऊबीज. मी ओवाळलं, आणि त्याने ताटात तोच अंक टाकला.

"हे काय?"

"ओवाळणी. आता हा माझ्या कपाटात बसत नाही. तुझा."

माझ्या जावेला तिच्या भावाने त्या वर्षी येवल्याची पैठणी दिली होती. मी सासरी काय दाखवणार होते, कुंकू लावलेली कप्तानबाई? बरंच बोलले मी त्याला. पण पुढच्या वर्षीही त्याने अंकच टाकला, आणि त्याच्या पुढच्याही. तो रिवाजच पडला. भाऊबीजेच्या सकाळी नवा अंक स्वतः आईपुढे धरायचा, "लाव." आई निवांतपणे चित्र न्याहाळून कपाळ शोधायची. एकदा मुखपृष्ठावर नुसतं यानच होतं, तर तिने यानाच्या नाकाडावर लावलं. मी ते अंक सासरी नाशिकरोडला घेऊन जायचे आणि त्याच्याशी भांडता यावं म्हणून वाचायचे. कप्तानबाईने त्या भावाच्या मागे एवढं का फिरावं, असं माझं म्हणणं. तो निघून गेला ना, मग जाऊ दे. तो म्हणायचा, "तू गेली नसतीस?" मी म्हणायचे, "मी तुला सिटी सेंटर मॉलपर्यंतसुद्धा शोधायला यायची नाही."

अशा गोष्टी आपण बोलतो. बोलताना कळत नाही की हेच शब्द उरणार आहेत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याला ताप आला. आमच्या भागात घरोघरी डेंग्यू होता, कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. दवाखान्यात ठेवला तेव्हाही मी घरून डबा नेताना वैतागलेलेच होते. नव्या सिनेमाची जाहिरात तेव्हा लागली होती, कप्तानबाई म्हातारी होऊन परत येणार होती. तो पडल्या पडल्या मला मोबाइलवर ती जाहिरात दाखवत होता. एका दृश्यात ती कोणाच्या तरी दाराशी उभी होती.

"ताई, भावाचंच दार आहे ते. या वेळी दाखवतील बघ. इतके अंक झाले, आता दाखवावंच लागेल त्यांना."

"आधी पेज संपव," मी म्हणाले.

त्याने अर्धी वाटी संपवली. दोन दिवसांनी प्लेटलेट्स उतरल्या, मग पोटात रक्तस्राव झाला, आणि तो गेला. एवढंच मला लिहिता येतं. दवाखान्यातल्या त्या सकाळचं वर्णन मी कोणाला करत नाही आणि इथेही करणार नाही.

सिनेमा लांबला, या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लागला. मी एकटीच गेले. नवऱ्याने विचारलं, येऊ का, तर नको म्हटलं. मला तो भाऊ बघायचा होता. मी काही कप्तानबाईची भक्त नाही, पण तिच्या त्या भावाला मी त्याच्या लहानपणापासून ओळखत होते, त्याचं सगळं कपाट वाचलं होतं. तो पडद्यावर आला असता तर माझ्या भावाचं एक म्हणणं तरी खरं झालं असतं. खुळ्यासारखं आहे हे, मला माहीत आहे, पण दोन तास मी तेवढ्यासाठीच खुर्चीच्या कडेवर बसले होते.

ते दार कुठल्याशा व्यापाऱ्याचं निघालं. तो तिला आत घेतो, काहीतरी प्यायला देतो आणि विचारतो, तुझं कोणी आहे का मागे. आणि ती कप्तानबाई, माझ्या आईने जिच्या कपाळाला कुंकू लावलं ती, सरळ त्याच्याकडे बघून म्हणते, "कोणी नाही. मी एकटीच वाढले."

थिएटरात कोणाला काही झालं नाही. लोक पॉपकॉर्न खात होते. आपणच पहिल्या सिनेमात तिला भाऊ दिला होता, हे लिहिणारे विसरले असतील असं मला वाटलं. घरी येऊन शोधलं तर कळलं की विसरले नव्हते. सिनेमावाल्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं की यापुढे कॉमिक्समधलं काही धरायचं नाही. खरे ते सिनेमे तेवढे. कॉमिक्समध्ये जे घडलं ते घडलंच नाही असं समजायचं, आणि पहिल्या सिनेमातलं ते वाक्य, तर ती त्या खलाशाला सहज थाप मारत होती म्हणे. सगळं कपाट एका फटक्यात खोटं. मला इतका संताप आला की मी मोबाइल सोफ्यावर आपटला. रडू नंतर आलं, भांडी घासताना.

गेल्या वर्षी आम्ही सण केलेच नाहीत. या वर्षी वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, म्हणून मावशीने फोन करून आईला सांगितलं की आता पोरीला भाऊबीजेला बोलाव, चंद्राला ओवाळू दे, हात रिकामे ठेवू नयेत. मी इंदिरानगरला आईकडे गेले तेव्हा ताट तयार होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, आईची अंगठी, सगळं जागच्या जागी. आई म्हणाली, "दिवस मावळला की वर जाऊ. बीजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही."

"मी चंद्राला ओवाळणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"चंद्राला त्या ओवाळतात ज्यांना भाऊच नाही. मला होता. मी आज चंद्राला ओवाळलं म्हणजे तो कधी नव्हताच, असं नाही का झालं?"

माझा आवाज चढला होता. तो सिनेमावाल्यांवरचा राग मी आईवर काढत होते, आणि तिला तर यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. ती खुर्चीवर बसली. पदराने अंगठी पुसून पुन्हा ताटात ठेवली.

"मग कोणाला ओवाळायला सांगू गं तुला?" ती म्हणाली. "तू सांग. त्याला आणून बसवते."

मी उठले. ताट उचललं आणि जिना चढायला लागले. आई मागून कठडा धरत आली.

पांडवलेण्याच्या डोंगराकडे आभाळ अजून उजेडाचं होतं आणि चंद्राची बारीक कोर आधीच खाली झुकली होती. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक मुलगी ताट घेऊन उभी होती, नव्यानेच राहायला आलेली, चांदवडकडची. दोन गच्च्यांमध्ये हातभर अंतर. तिचं ओवाळून झालं होतं. माझं ताट बघून तिला बरं वाटलं असावं, कोणीतरी सोबतीला आहे असं.

"तुम्हाला बी भाऊ नाय का ताई?" तिने विचारलं.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी चंद्राकडे बघत होते. निरांजनाला वारा लागत होता म्हणून मी हाताचा आडोसा केला होता, आणि ताट ओवाळू की खाली ठेवू हे मला कळत नव्हतं.

"एक भाऊ आहे," मी म्हणाले. "लांब असतो."

म्हणताच माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी कुठे ऐकलंय. त्याने सिनेमा थांबवून दाखवलं होतं, दोनदा. मी ओवाळलं. वारा होता, पण निरांजन विझलं नाही.

"आं, मग आला नाय का दिवाळीला?" मुलीने विचारलं. तिचा काही दोष नव्हता, पुढचा प्रश्न तोच असतो. माझ्याकडे त्याच्यापुढचं वाक्य नव्हतं. डोळे भरून आले आणि मला कोर दिसेनाशी झाली.

तेवढ्यात आई पुढे झाली. तिने माझ्या हातातलं ताट घेऊन कठड्यावर ठेवलं आणि पदर खोचला.

"नाही जमलं त्याला यायला," आई म्हणाली. "तुला सांगते, एका दिवाळीत त्याचं परदेशातून एक पुस्तक आलं. मी आपलं नेहमीप्रमाणे लक्ष्मीपुढे ठेवलं आणि त्यावरच्या बाईला कुंकू लावलं."

"मग?" ती मुलगी कठड्याशी सरकली.

आणि आई तिला सगळं सांगायला लागली.