रुपाचं खेडं

मास्तरांविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आता टाळलं तर ते राहूनच जाईल.

कुणी आपल्या गावाचं नाव सांगितलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, “हाव, पण कोणाचं?” चिखलीच्या बाजारातला बैलवालाही सुटला नाही. “पाटलाचं आहे ना जी,” तो बिचारा घाबरून म्हणाला.

रुपाखेडच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी गणित. इंग्लंडचा नकाशा लावला की लंडन बाजूलाच राहायचं आणि त्यांची छडी पूर्वेच्या भागात जायची. ग्रिम्सबी, व्हिटबी, सेल्बी.

“डेन्मार्ककडचे लोकं होड्यांतून आले. लुटाले आले अन् नांगर धरून बसले. बी म्हणजे त्यांच्या बोलीत गाव. ग्रिम्सबी म्हणजे ग्रिमचं खेडं. राज्य गेलं, बोली गेली, पण ग्रिमले अजून रोज हाक मारतात. आपल्या रुपावानी!”

रुपा कोण, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे गवळी, कुणी म्हणे बाई. “बाई असली तं अजूनच बेस,” मास्तर खुशीत म्हणायचे.

मग धरण आलं. गाव उठून माळावर जायचं ठरलं. नव्या गावाला सरपंचांनी आपल्या वडिलांचं नाव सुचवलं. सभेच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्या ओसरीवर आले.

“ते लोकं समुद्र ओलांडून आले तरी आपली नावं सोडली नाही. आपल्याले तं दोन कोस जायचं आहे. मी बोलतो, तू फक्त पाठिंबा दे.”

“देतो ना, मास्तर.”

सभेत ते रुपाविषयी बोलले. लोक हसले. “मास्तरांच्या बाजूनं कोण? हात वर करा,” सरपंच म्हणाले. मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला रस्त्यालगतचा प्लॉट हवा होता आणि वाटप सरपंचांच्या हाती होतं. मी पायजम्यावरची धूळ झटकत बसलो.

त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. एस.टी.त मात्र कंडक्टरकडे तिकीट मागायचे, “रुपाखेड एक.”

“ते पाण्यात गेलं, मास्तर.”

“मंग कोरडं आहे तिथवर दे.”

सगळी गाडी हसायची. मागच्या बाकावर मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

पुढे ते लेकीकडे जळगाव जामोदला गेले. एकदा मुद्दाम भेटायला गेलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. मी कपाशीचं बोललो, पोरांच्या लग्नांचं बोललो, चहा घेतला आणि निघालो. त्या हिवाळ्यात ते गेले.

त्यांच्याकडे जाताना गाडीत वाटभर जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं: “मास्तर, मी तुमच्याच बाजूचा होतो, पण भ्यालो. माफ करा मले.”